नवीन बांधलेलं जुन्या ट्रकचं इंजिन त्रास देतंय? हेड खोलायच्या आधी हे बघा

इंजिन बांधून झालं, रंग झाला, नारळ फुटला, पेढे वाटले आणि सेल्फ मारला तर इंजिन नुसतं घरघरतंय. किंवा चालू झालं पण सगळी गल्ली पांढऱ्या धुरानं भरली. किंवा मस्त चालतंय आणि बरोबर वीस मिनिटांनी गप्प होतंय. यातलं काहीही झालं की आजूबाजूला चार माणसं जमतात आणि त्यातला एक तरी म्हणतोच, "हेड काढा, आतच गडबड आहे." (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण.) त्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा.

मी धंद्यानं मिस्त्री नाही. साताऱ्यात राहतो, नोकरी वेगळीच आहे. आजोबांचा नाकवाला टाटा चिंचेखाली कित्येक वर्षं उभा होता, तो दोन उन्हाळे घालवून परत उभा केला. इंजिन बांधताना जेवढं शिकलो त्याच्या तिप्पट नंतरच्या सहा महिन्यांत शिकलो, कारण त्रास सगळा नंतर झाला. हे लिहितोय ते पहिल्यांदाच जुन्या गाडीला हात घालणाऱ्यांसाठी, पोरं विचारत असतात म्हणून. मुरलेल्या मिस्त्रींना यात नवीन काही सापडायचं नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. चालत्या गाडीत बिघाड झाला तर काय झिजलं, काय तुटलं ते शोधायचं. पण ताज्या बांधलेल्या इंजिनात बिघाड असला तर शेवटचा हात कुठं लागला ते शोधायचं. नवीन पिस्टन आठ दिवसात झिजत नाही हो. पण वायसर उलटा बसतो, जुनाच वायसर परत लावला जातो, एक बोल्ट हातानं फिरवून सोडून दिलेला असतो, रंगाचा फवारा नको तिथं गेलेला असतो. माझ्या गाडीचे जेवढे बिघाड निघाले त्यातले बहुतेक आमच्याच हातचे होते, लोखंडाचा दोष एकच, तो खाली येईल.

आधी इंजिन कुठलं ते नक्की करा

हे वाचून हसाल, पण जुन्या ट्रकात बॉनेटवर जे लिहिलंय तेच इंजिन आत असेल याची काही खात्री नाही. टेल्को, म्हणजे टाटाची तेव्हाची गाड्यांची कंपनी, आणि मर्सिडीजवाली डेम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ला झाला आणि १९६९ पर्यंत चालला, म्हणून त्या काळातल्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा दिसतो, नंतर तिथं टाटाचा टी आला. ताऱ्याच्या काळातलं ओएम ३१२ हे प्री-चेंबरचं इंजिन, म्हणजे डिझेल आधी छोट्या खोलीत पेटतं आणि मग सिलेंडरमध्ये येतं, त्याला थंडीत हीटर प्लग लागतात. नंतरचं ६९२ डायरेक्ट इंजेक्शन. नावातच सगळं आहे बघा, ६ सिलेंडर, ९२ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलेंडरच्या भोकाचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२० चा, एकूण ४७८८ सीसी. त्याच्या पुढचं ६९७ म्हणजे ९७ चा बोअर. आता पन्नास-साठ वर्षांत गाडीनं तीन मालक बघितले असतील तर मधल्या कुणीतरी इंजिनच बदललेलं असू शकतं. म्हणून ब्लॉकवर कोरलेला नंबर वायर ब्रशनं घासून वाचा, फोटो काढा, आणि टायमिंग (डिझेल नेमकं कधी सुटतं ते), टॅपेटचा म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, हेडचा टॉर्क हे सगळे आकडे त्याच इंजिनाच्या पुस्तकातनं घ्या. "सगळ्या टाटाला चालतंय" असं म्हणणाऱ्याच्या हातचं नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते) घेऊ नका, प्री-चेंबरचं आणि डायरेक्टचं नोझल आणि त्याचं प्रेशर दोन्ही वेगळं असतं.

दुसरं म्हणजे एक वही करा. दोनशे पानी, साधी. काय बदललं, कधी बदललं, त्यानं काय फरक पडला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टायमिंगपण हलवलं, फिल्टरपण बदलला, टॅपेटपण लावले आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते तुम्हाला आयुष्यात कळणार नाही आणि परत बिघडली की परत शून्यापासून.

पहिला सेल्फ मारायच्या आधी

इथं घाई करू नका. नवीन बेरिंगला असेंब्लीच्या वेळी लावलेलं ऑइल सोडलं तर काही नसतं, आणि ऑइल पंप कोरडा असेल तर पहिलं प्रेशर यायला वेळ लागतो, त्या वेळात बेरिंगवर ओरखडे पडू शकतात. ऑइल फिल्टरचा डबा ऑइलनं भरून मगच बसवा. स्टॉपर ओढून धरा, म्हणजे डिझेल बंद राहील, आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळेल. ऑइल प्रेशरचा काटा हलल्याशिवाय स्टॉपर सोडायचा नाही. टॅपेट कव्हर उघडं ठेवा आणि रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, ऑइल पाझरतंय का डोळ्यांनी बघा.

आणि एक फळी जवळ ठेवा. जाड लाकडी फळी, इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल एवढी. डिझेल पंप नवीन भरून आणलाय, त्याचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, आत कुठं अडकला तर इंजिन चालू झाल्या झाल्या रेस पकडतं आणि स्टॉपर ओढला तरी ऐकत नाही. जुन्या ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तरी तेच होतं, इंजिन ते ऑइल ओढून त्याच्यावरच पळायला लागतं, मग डिझेल बंद करून काय उपयोग. हवा तोडली की इंजिन मेलं, दुसरा उपाय नाही. म्हणून पहिल्या दिवशी एअर क्लीनर काढूनच ठेवायचा आणि एक माणूस फळी घेऊन उभा करायचा, त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही. हाताचा पंजा किंवा फडकं लावायचं नाही, इंजिन फडकं गिळतं आणि पंज्याची काय अवस्था करेल ते सांगायला नको. पंखा आणि पट्ट्यापासून अंग लांब ठेवून उभं राहायचं. आमच्याकडे फळी घेऊन माझा मामेभाऊ उभा होता, गरज पडली नाही, पण त्याचा चेहरा अजून आठवतोय.

चालूच होत नाही

सेल्फ जड फिरतोय का हलका, हे आधी. जड फिरत असेल तर लगेच "इंजिन टाइट बांधलंय" असं म्हणायची पद्धत आहे. असेलही. पण रंगवलेल्या गाडीत बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो. इंजिन रंगवलं, चॅसी रंगवली, आणि अर्थची पट्टी रंगावरच आवळली. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टीखालचा रंग खरवडा, दोन्ही बाजूंचा. बॅटरी बदलायच्या आधी हे करा, फुकट आहे.

सेल्फ चांगला फिरतोय तर मग सायलेन्सरकडं बघा. सेल्फ मारताना धूर येतोय का? अजिबात नाही म्हणजे डिझेल आतच पोचत नाही. पांढरा धूर येतोय, डोळ्यांना झोंबतोय, म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका.

धूर नसला तर एअर काढायची. फीड पंपाचा (टाकीतनं डिझेल ओढणारा छोटा पंप) हॅंड प्रायमर, म्हणजे हातानं मारायचा दट्ट्या, सोडवा, फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे ढिला करा आणि पंप मारत राहा, आधी फेस येईल, फुसफुस होईल, मग सलग डिझेल यायला लागेल, मारतामारताच स्क्रू आवळा. मग डिझेल पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल्फ, थेंब उडाले की आवळले. क्रम हाच, टाकीकडनं नोझलकडं. उलटं केलं तर दिवसभर एअर काढत बसाल. आणि स्टॉपर आत ढकललाय का ते बघा. रंगवताना त्याची केबल कुणीतरी वाकवली असेल तर दांडी आत गेल्यासारखी दिसते पण पंपावरचा लिव्हर मागं आलेलाच नसतो. हे मी दीड तास सेल्फ मारल्यावर शिकलो.

एअर काढली, चालू झालं, दहा मिनिटांनी परत एअर. मग कुठनं तरी हवा ओढतंय. लक्षात ठेवायचं ते असं की टाकी ते फीड पंप या भागात गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकेलच असं नाही, उलट हवा आत जाते, म्हणून फरशी कोरडी दिसली तरी फसू नका. बेंजो बोल्टचे (डिझेलचे पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर परत वापरलेत का? वापरले असतील तर सगळे नवीन टाका, स्वस्तात काम होतं. खात्री करायला सोपी युक्ती आहे, पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटजवळ उंच बांधा आणि त्यातनं पाइप थेट फीड पंपाला द्या. कॅनवर गाडी नीट चालली की पंप, नोझल, टायमिंग सगळं सुटलं, दोष टाकी आणि तिथनं येणाऱ्या पाइपात. एवढ्या एका चाचणीनं अर्धी गाडी वगळता येते.

पांढरा धूर येतोय पण पेटत नाही: टायमिंग

आता जरा सावकाश वाचा, नव्यांची सगळ्यात जास्त फसगत इथं होते.

फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर येतो तो दोनदा, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर टाकताना. पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा काट्यासमोर येते. डिझेल पंप क्रॅंकच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे खूण जुळवली, पंप बसवला, सगळं पुस्तकाप्रमाणं केलं, आणि तरी पंप बरोबर अर्धा फेरा चुकीचा बसू शकतो. १ नंबरला डिझेल पाहिजे तेव्हा ६ नंबरला मिळतंय. इंजिन पांढरा धूर ओकत राहतं, कधी एखादा फटका मारतं, पेटत नाही. मालकाला वाटतं कॉम्प्रेशन गेलं.

ओळखायचं कसं? टॅपेट कव्हर काढा. ओळीतल्या सहा सिलेंडरच्या या इंजिनांचा फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. यात १ ची जोडी ६ शी, ५ ची २ शी, ३ ची ४ शी, जोडीतले दोन पिस्टन बरोबरच वर येतात. इंजिन हातानं फिरवा, ६ नंबरचे दोन्ही रॉकर हलायला लागले, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की थांबा. आता १ नंबरचे दोन्ही रॉकर बोटानं हलवून बघा, दोन्ही ढिले पाहिजेत. हा १ नंबरचा खरा कॉम्प्रेशनचा टॉप. या वेळी पंपाच्या कपलिंगवरची खूण जुळत नसेल, समोरच्या बाजूला गेली असेल, तर पंप अर्धा फेरा फिरवून बसवायचा. संपलं. याच पद्धतीनं टॅपेटपण लावता येतात, ज्याचा गॅप लावायचा त्याच्या जोडीदाराचे रॉकर हलताना थांबायचं. गॅप पुस्तकातला, इंजिन थंड म्हटलंय तर थंडच. एक्झॉस्टचा गॅप इनलेटपेक्षा जास्त असतो कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांब होतो, दोन्हीला एकच फिलर गेज घालणारे मी बघितलेत.

अर्धा फेरा बरोबर आहे पण थोडं पुढं-मागं झालंय, तर चालू होतं पण टायमिंग मागं असलं की गाडी सुस्त, पांढरट धूर, इंजिन तापतं. पुढं असलं की कडक टकटक, खिळे ठोकल्यासारखी, आणि सेल्फ मारताना उलटा झटका. पंपाचं फ्लॅंज किंवा कपलिंग जरा ढिलं करून, खुणेपासून एकदोन मिलिमीटर हलवून फरक बघता येतो, पण आधी पंचनं जुनी खूण पक्की करून ठेवा. नेमकं डिग्रीत लावायचं तर पंपावरचा १ नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून डिझेलची धार कुठल्या क्षणी तुटते ते बघतात, ते पहिल्यांदा जाणत्या माणसाकडनं करून घ्या, शेजारी उभं राहून शिका.

चालता चालता बंद पडती: टाकीच्या झाकणाची गोष्ट

आमचा ट्रक नवीन बांधला तेव्हा टेस्टसाठी समर्थ मंदिराकडनं यवतेश्वरचा घाट चढवला. पहिली काही वळणं झकास. मग एका वळणावर पिकअप गेला, इंजिन लटलटलं, बंद. मागं कासला निघालेल्या गाड्यांची रांग, त्यातनं येणारे प्रेमळ शब्द. एअर काढली, चालू झालं, वरपर्यंत गेलो. परत येताना उतारावर काही नाही. दुसऱ्या दिवशी परत वीस मिनिटांनी बंद. एअर काढली की चालू. मग काय, फीड पंप बदलला. मग दोन्ही फिल्टर. मग टाकीपासूनचा सगळा पाइप. वहीत तीन पानं भरली आणि गाडी वीस मिनिटांनी बंदच.

शेवटी आमच्या आळीतले एक जुने ड्रायव्हर आले, तात्या म्हणतो आम्ही त्यांना, आयुष्य ऊस आणि हळद ओढण्यात गेलं. त्यांनी काही विचारलं नाही, बंद पडल्या पडल्या सरळ टाकीपाशी गेले आणि झाकण फिरवलं. "स्स्स्स" असा आवाज आला, कुकरची शिट्टी काढल्यावर येतो तसा, फक्त हवा आत जाताना. तात्या म्हणले, "अरे, हिला श्वास कुठं ठेवलायस तू?" झाकणाच्या खालच्या अंगाला टाचणीएवढं भोक असतं, टाकीतलं डिझेल कमी होईल तशी त्यातनं हवा आत यायला. आम्ही टाकी चकचकीत काळी रंगवली होती, झाकणासकट, दोन हात. भोक बुजलं. वीस मिनिटांत टाकीत एवढी ओढ तयार व्हायची की फीड पंपाला डिझेल उचलवेना. आम्ही एअर काढत बसायचो तेवढ्या वेळात कुठनं तरी हवा झिरपून ओढ सुटायची आणि आम्हाला वाटायचं एअर काढल्यानं झालं.

सुईनं भोक मोकळं केलं. काम संपलं. नवीन फीड पंपाचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून ठरावीक वेळानं बंद पडणाऱ्या गाडीत पहिल्यांदा झाकण ढिलं करून चालवा, एवढंच.

मिसिंग आणि ठोका

एक सिलेंडर मारत नाही असं वाटलं तर इंजिन स्लोवर ठेवा आणि नोझलकडचा पाइपाचा नट एकेक करून अर्धा आटा ढिला करा. ढिला केल्यावर आवाज बदलला, इंजिन आणखी लंगडलं, म्हणजे तो सिलेंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तो आळशी. ही चाचणी फक्त या जुन्या पंपाच्या इंजिनांवरच, आजच्या कॉमन रेलच्या गाडीवर चुकूनही करू नका. आणि जुन्यावरसुद्धा चष्मा घाला, नटाभोवती फडकं ठेवा, फवाऱ्याच्या वाटेत बोट आणू नका. या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं, बाहेर नुसता टाचणीचा ठिपका दिसतो आणि आत मांस सडतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, सरळ दवाखाना, आणि डॉक्टरला प्रेशरचं डिझेल गेलंय हे सांगायचं.

आळशी सिलेंडर सापडला की त्याचं नोझल शेजारच्या सिलेंडरमध्ये टाका, नोझलखालचा वायसर नवीन घालून. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल. तिथंच राहिला तर टॅपेट, मग कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनचा गेज लावला तर आकडा किती यापेक्षा सहाही जवळजवळ सारखे आहेत का ते आधी बघा, शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्या दोघांच्या मधे हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, फुंकतंय.

ठोक्याला पण हीच युक्ती. नट ढिला केल्यावर ठोका मऊ झाला किंवा गेला तर तो त्याच सिलेंडरचा, नोझल किंवा कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. नोझल अदलाबदलीनं ठोका जागा बदलतो का बघा. बदलला तर देवाला नारळ फोडा, स्वस्तात सुटलात. नाही बदलला, खोल, जड ठोका आहे, रेस सोडताना जास्त ऐकू येतोय आणि ऑइल प्रेशरपण कमी आहे, तर इंजिन बंद करा, "घरापर्यंत तर नेऊ" म्हणू नका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून ऐकलं की वरचा आवाज आणि खालचा आवाज वेगळा कळतो, पंखा जपून.

ऑइल प्रेशर

थंडीत प्रेशर चांगलं आणि तापल्यावर काटा खाली, एवढं सगळ्याच इंजिनांत होतं, ऑइल पातळ होतं म्हणून. पण तापल्यावर स्लोवर काटा शून्याला टेकत असेल तर थांबा. आधी दुसरा, साधा मेकॅनिकल गेज लावून खात्री करा, जुन्या डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवून चेंबर खोलू नका. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाचा ऑइलचा डबा.

गेज खरं बोलत असेल तर क्रम असा, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) काढून त्याच्या गोळीखाली कचरा आहे का बघा, मग चेंबर खाली घेऊन पंपाची जाळी, मग जाळीच्या पाइपाचं पॅकिंग, तिथं फट असली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. मग गॅलरीचे प्लग, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांची बुचं, ब्लॉक धुवायला काढलेले असतात आणि एखादा परत लावायचा राहतो. त्यानंतरच बेरिंग. बेरिंग बघताना क्रॅंक किती अंडरसाइज ग्राइंड केलाय आणि बेरिंगच्या पाठीवर कुठला साइज कोरलाय ते जुळतंय का वाचा, आणि बेरिंगचं ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय का. वरची वाटी खाली आणि खालची वर बसली की भोक झाकलं जातं.

आमच्यात काय निघालं? जाळीवर लाल रबराचे शेवयांसारखे तुकडे. पॅकिंगला सिलिकॉन पेस्ट लावताना "जास्त लावलेलं बरं" असं मीच म्हणालो होतो. बाहेरनं जेवढी पेस्ट दाबून बाहेर आलेली दिसते तेवढीच आतपण येते, आणि आतली सुटून ऑइलात पडते. पातळ थर लावा, काडीनं पसरवा, किंवा जुन्या पद्धतीनं कागदी पॅकिंगला नुसतं शेलॅक.

इंजिन तापतंय

नवीन बांधलेलं इंजिन सुरुवातीला जरा गरम चालतं, रिंगा बसायच्या असतात. पण पाणी उकळतंय तर बघायलाच पाहिजे. आणि १०० ची वाट बघू नका. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटरवर आहे, इथं उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं, कास पठारावर ९६ च्या आसपास. जुन्या रेडिएटरला प्रेशरचं झाकण नसेल किंवा त्याचं रबर गेलं असेल तर काटा ९५ दाखवतोय म्हणजे तुमच्या हातात जवळजवळ काही उरलेलं नाही. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे लहान पोरालापण माहीत असतं तरी दर वर्षी कुणीतरी भाजतंच.

पट्टा ढिला आहे का, थर्मोस्टॅट उलटा बसलाय का, वरच्या नळीत हवा अडकली आहे का, हे पाच मिनिटांत होतं. मग टायमिंग, वर सांगितलं. मग ब्लॉकमधला गाळ, आणि हाच तो लोखंडाचा दोष. वर्षानुवर्षं बोअरवेलचं जड पाणी प्यालेल्या ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा क्षार आणि गंजानं भरतात, विशेषतः मागच्या सिलेंडरपाशी. सिलेंडरचे बोअर मारले, लायनर घातले, सगळं चकाचक केलं, पण बाजूचे कोर प्लग (पाण्याच्या वाटांवरची गोल झाकणं) काढून आत सळई घातलीच नाही, हे होतं. आमच्या ५ आणि ६ नंबरच्या मधनं दोन ओंजळी तपकिरी चिखल निघाला. त्यानंतर कुलंट आणि आरओचं पाणी, बोअरवेलचं कधीच नाही.

हेड गॅस्केटचा संशय असेल तर थंड इंजिनात पट्टा काढा, थर्मोस्टॅट काढा, रेडिएटर काठोकाठ भरा, चालू करून थोडी रेस द्या आणि झाकणातनं बघा. सलग बुडबुडे आले तर जळलेला गॅस पाण्यात घुसतोय. एका मिनिटाच्या वर चालवू नका, पाणी फिरत नसतं. ऑइलात पाणी जातंय का हे बघायचं तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा ड्रेन प्लग हळूच ढिला करा, पाणी जड, ते आधी ठिबकतं. पावसाळ्यात थोडंथोडंच चालवल्यावर ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखं थोडं दिसलं तर घाबरू नका, ती वाफ असते. ऑइल मोजायच्या पट्टीवर मात्र सगळं ऑइलच दुधाळ असलं तर चालवू नका. आणि ऑइलची लेव्हल वाढतीय, वास डिझेलचा येतोय, तर फीड पंप नाहीतर नोझल आत डिझेल सोडतंय, तेही लगेच थांबवायचं.

निळा धूर, बॅक कॉम्प्रेशन आणि पहिले हजार किलोमीटर

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर क्लीनर आणि पंपाचं कॅलिब्रेशन बघा, त्यावर फार बोलत नाही. निळा धूर आणि ब्रीदरमधनं (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) फुकफुक, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, यावर मात्र माझं जुन्या मिस्त्रींशी भांडण आहे. ते सांगतात, "नवीन इंजिन दोन दिवस स्लोवर चालू ठेव, सेट होतंय." नाही होत. सिलेंडरच्या बोअरला होनिंगच्या, म्हणजे दगडानं घासून पाडलेल्या, बारीक रेघा असतात आणि रिंग त्या रेघांवर घासून बसते, पण तिला भिंतीवर दाबून धरायला मागनं जळणाऱ्या गॅसचा दाब लागतो. स्लोवर तो दाब नसतो. मग ऑइल भिंतीवर भाजून काचेसारखा थर होतो आणि रिंगा कायमच्या बसायच्या राहतात, शेवटी परत होनिंग. पहिल्यांदा चालू झालं, प्रेशर आलं, गळती बघितली, पाणी तापलं की गाडी रस्त्यावर काढा. अर्धा लोड, मधला गिअर, चढाला जोर द्या, उताराला सोडा, परत जोर. टॉप गिअरमध्ये गुरगुरत ओढायला लावू नका आणि रेड लाइनलापण नेऊ नका. साताऱ्यात चारी बाजूंनी चढउतार आहेत, त्याचा उपयोग करा.

थोडं बॅक कॉम्प्रेशन पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरमध्ये आपोआप कमी होतं. वहीत दर शंभर किलोमीटरला ऑइल किती घातलं ते लिहा, आकडा कमी होत गेला तर रिंगा बसतायत. तेवढाच राहिला किंवा वाढला तर मग रिंगांचं बघा, टॉप लिहिलेली बाजू वर आहे का, सगळ्या रिंगांची तोंडं एका रेषेत तर नाहीत, आणि व्हॉल्व्हचे सील घातलेत का.

पाचशे किलोमीटरच्या आसपास हेडचे बोल्ट पुस्तकात सांगितलंय तसे, गरम म्हटलंय तर गरम आणि थंड म्हटलंय तर थंड, टॉर्क पान्यानं परत आवळा, मधनं सुरुवात करून बाहेरच्या बाजूला गोल गोल जात. हेड खाली बसलं की टॅपेटचा गॅप बदलतो, त्यामुळे टॅपेट त्यानंतर लावायचे, आधी नाही.

त्याच वेळी पहिलं ऑइल काढा, गरम असतानाच, पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात. उन्हात नेऊन टब जरा हलवा आणि त्यातनं एक मॅग्नेट फिरवा. मॅग्नेटला राखाडी पिठासारखा लेप लागला तर नवीन ऑइल भरा आणि चालवा. बोटांना कण टोचले, किंवा मॅग्नेटला न चिकटणारी तांबूस-चंदेरी चकाकी ऑइलात तरंगताना दिसली, तर ती बेरिंगची आहे, नवीन ऑइल भरू नका, चेंबर खाली घ्या.